पुण्याची वेळ आणि दहाची गाडी

मुलांनो, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, मामी घरी बसून नेमकं काय करते?" मी म्हटलं, "प्रोग्रॅम लिहिते," आणि तुमचं समाधान झालं. माझं झालं नाही. गेल्या वर्षी मी मामा-मामींकडे, अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनला, राहायला गेले होते आणि ती काय करते ते रोज समोर बसून पाहत होते. त्याच दिवसांत तिचं स्वतःचं पहिलं काम हातातून जाता जाता राहिलं. ते कसं, हे फोनवर सांगायला जमत नाही, म्हणून लिहून काढते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. सावकाश वाचा, अडेल तिथे आईला विचारा.

मामी पुण्यात एका मोठ्या कंपनीत होती. मामाला अ‍ॅमस्टरडॅमला नोकरी लागली तेव्हा ती त्याची बायको म्हणून त्याच्याबरोबर आली. तिच्या परवान्यावर काम करायची मुभा होती, पण काम कुठे होतं? जिथे जाईल तिथे लोक छान हसून विचारत, डच येतं का? मग डच कानावर पडावं म्हणून ती झुइडओस्ट या अ‍ॅमस्टरडॅमच्या भागातल्या ज्येष्ठांच्या एका केंद्रात कॉफी द्यायला जाऊ लागली, बिनपगारी. तिथे म्हातारी माणसं दिवसभर येऊन बसतात, जेवतात, पत्ते खेळतात. त्यांना घरून आणायला केंद्राची गाडी जाते. कुणाकडे गाडी किती वाजता येणार हे आदल्या दुपारी एक बाई प्रत्येकाला फोन करून सांगायची. अर्ध्यांना ऐकू येत नसे, उरलेले गप्पा मारत बसत. मामीनं हे काही महिने पाहिलं आणि एक दिवस मॅनेजरबाईंना म्हणाली, की मी असा प्रोग्रॅम करून देते की प्रत्येकाच्या फोनवर आपोआप निरोप जाईल. मॅनेजरबाई म्हणाल्या, "करून दाखव." तिथली माणसं एवढंच बोलतात.

असं ते काम मिळालं. तात्पुरतं, तीन महिन्यांसाठी, पण तिच्या नावावर. खेमेन्ते म्हणजे तिथली नगरपालिका, तिथे कुठलासा कागद भरायला गेली असताना व्यवसायाच्या रकान्यात तिनं पहिल्यांदा काहीतरी लिहिलं, हे मला मामानं सांगितलं. ती स्वतः बोलली नाही.

मी पोहोचले तेव्हा प्रोग्रॅम बराच झाला होता. जेवणाच्या टेबलावर एका टोकाला तिचा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला माझा चहा आणि शब्दकोडं. दोन दिवसांत तिनं मला कामाला लावलं. "आई, तुम्ही ऑफिसमध्ये सगळ्यांची पत्रं तपासायच्या ना? मग हे तपासा." मी आयुष्यभर इंग्रजी पत्रव्यवहार तपासला होता, स्वल्पविरामासकट. म्हटलं, दे.

केंद्रानं तिला गाड्यांच्या जुन्या वेळा एका फाइलमध्ये दिल्या होत्या, पण माणसांची नावं काढून. तिथले नियम कडक, खऱ्या माणसांची नावं घरी आणायची नाहीत. म्हणून नावं मी ठेवली. तोंडलीबाई, पडवळकाका, घोसाळे मावशी, सुरणराव. मग मी सुरणरावांची गाडी रद्द करायची, तोंडलीबाईंचा वार बदलायची, आणि निरोप बरोबर जातो का ते मूळ तक्त्याशी ताडून पाहायची. मामा संध्याकाळी आला की विचारायचा, "काय, आज कुठली भाजी आजारी?"

आता तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. प्रोग्रॅम ज्या ओळींचा बनतो त्याला कोड म्हणतात. तो लिहिला जातो मामीच्या लॅपटॉपवर. तिथे मोडतोड चालते, भाज्यांना निरोप जातात, कुणाचं काही बिघडत नाही. त्याला ही मंडळी डेव्हलपमेंट म्हणतात. मग तोच कोड केंद्राच्या मशीनवर चढतो आणि खऱ्या माणसांना निरोप जाऊ लागतात. ते प्रॉडक्शन. मी गेले तेव्हा मामीकडे कोडच्या दोन प्रती होत्या, एक घरची, एक केंद्राची. घरच्या प्रतीत काही सुधारलं की ती ते दुसऱ्या प्रतीत हातानं उतरवायची. पुण्याच्या कंपनीत ती फक्त लिहायची, लिहिलेलं पुढे न्यायला वेगळी माणसं असत. डीमनला सगळं तिचंच.

एकदा असं झालं की रद्द केलेल्या गाडीचा निरोप जाऊ नये, ही सुधारणा घरच्या प्रतीत होती आणि केंद्राच्या प्रतीत उतरवायची राहिली. ते आधीच लक्षात आलं म्हणून निभावलं. मामा तेव्हा जरा जोरातच बोलला.

"अगं, दोन प्रती ठेवतं का कुणी? एकच कोड ठेव. घरच्या मशीननं तोच घ्यायचा आणि केंद्राच्या मशीननंही तोच घ्यायचा. इथे चाललं ते तिथे चालणार."

"तू माझा मॅनेजर नाहीस," मामी म्हणाली.

"नाही. मॅनेजर असतो तर घरी जेवायला आलो नसतो."

पण तिनं ऐकलं. घरची प्रत जास्त तपासलेली, माझ्या भाज्यांनी तावूनसुलाखून निघालेली, म्हणून तीच मुख्य धरली आणि केंद्राची काढून टाकली. आता कोड एकच झाला. मला ते फार आवडलं. दोन ठिकाणी दोन गोष्टी असल्या की मला झोप लागत नाही.

शुक्रवारी तो कोड केंद्राच्या मशीनवर चढला. रविवारी दुपारी सोमवारच्या गाड्यांचे निरोप गेले. आम्ही त्या दिवशी श्रीखंड केलं होतं.

सोमवारी नऊ-साडेनऊच्या सुमाराला मामीचा फोन वाजला. ती डचमध्ये बोलू लागली, मग इंग्रजीत गेली, मग नुसतं ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर तिनं मला सांगितलं ते असं. ज्यांची गाडी दहाला होती त्यांना साडेसहाचा निरोप गेला होता. अकराची गाडी साडेसातची झाली होती. ड्रायव्हरकडे पहिल्या आठवड्यापुरता जुना छापील तक्ता होता म्हणून गाड्या आपल्या ठरल्या वेळीच निघणार होत्या. पण म्हातारी माणसं पहाटे उठून, आंघोळी उरकून, कोट घालून आपापल्या इमारतींच्या दारात बसली होती. सप्टेंबरचा शेवट होता, सकाळी चांगलंच गार असतं. काहींनी गाडी आली नाही म्हणून मुलांना फोन केले, मुलांनी केंद्राला केले.

"काय म्हणाल्या मॅनेजरबाई?"

"म्हणाल्या, हे चालणार नाही." मामी खुर्चीत बसली. "आणि म्हणाल्या, आज दुपारी ये आणि काय झालं ते सांग. निरोप बंद केलेत त्यांनी. आई, त्या काम थांबवणार."

मला वाईट वाटलं आणि नवलही. मी स्वतः ताडून पाहिलं होतं. पडवळकाकांची गाडी तक्त्यात दहाला, निरोपात दहाला. लॅपटॉपवर सगळं बरोबर होतं. मी म्हटलं, "कोड एकच ना? मग इथे बरोबर आणि तिथे चूक कसं?"

"तेच बघतेय."

ती एकेक ओळ वाचू लागली. मी चहा केला, तो तिच्या शेजारी निवला. बऱ्याच वेळानं ती थांबली आणि पडद्याकडे न बघता मला म्हणाली, "आई, आत्ता किती वाजले?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सव्वादहा."

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. उजव्या कोपऱ्यात पावणेदोन वाजले होते.

मी इतके दिवस त्या पडद्यासमोर बसत होते आणि त्या कोपऱ्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. लॅपटॉप पुण्याहून आणलेला. तो पुण्याच्या वेळेवरच चालत होता. ती डीमनला आल्यापासून तिनं ते बदललंच नव्हतं.

"मुद्दामच नाही बदललं," ती म्हणाली. "काम करता करता दिसतं, आईचं आत्ता जेवण झालं असेल, आत्ता ती औषध घेऊन पडली असेल. फोन करायचा तर हिशेब करावा लागत नाही." तिच्या आईची म्हणजे माझ्या विहीणबाईंची तब्येत तेव्हा नाजूक होती.

मग उलगडा झाला. सुरुवातीला, कोडच्या दोन प्रती असताना, केंद्राची फाइल लॅपटॉपवर उघडली तेव्हा दहाची गाडी दीडला दिसू लागली. कारण उघड होतं, लॅपटॉप भारतात होता. तिनं घरच्या प्रतीत एक ओळ लिहिली, की वेळेतून साडेतीन तास वजा कर. घरच्यापुरती. केंद्राच्या प्रतीत ती ओळ नव्हती आणि असायची गरजही नव्हती. पुढे कोड एक झाला, घरची प्रत मुख्य झाली, आणि ती ओळ कुणाच्या ध्यानीमनी नसताना केंद्राच्या मशीनवर जाऊन बसली. ते मशीन आधीपासूनच तिथल्या वेळेवर. त्यानं सांगितल्याप्रमाणे दहातून साडेतीन तास वजा केले.

मामाला फोन लावला. तो दोन मीटिंगांच्या मधे होता. त्यानं ऐकलं आणि आधी हसला. "म्हणजे इतकी वर्षं तू पुण्यात राहून डीमनमध्ये पोळ्या करत होतीस?"

"हसू नकोस."

"बरं. हे बघ, त्यांना सांग टाइम झोनचा घोटाळा झाला. सगळ्यांचा होतो. मोठमोठ्या कंपन्यांचा होतो. कुणी पुढे विचारत नाही."

"त्या विचारतील," मामी म्हणाली.

मी सुचवलं की नीट पत्र लिहावं, झालेली चूक, तिचं कारण, केलेला उपाय, तीन परिच्छेद. मसुदा करून देते म्हटलं. मामी म्हणाली, "आई, इथे पत्र गेलं की वाटतं माणूस समोर यायला घाबरला. तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्ही असलात की मी इंग्रजी बरं बोलते."

आम्ही मेट्रोनं गेलो. गाडीत तिनं पूर्ण वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मी पाहत होते तिच्या हातांकडे, आणि माझ्या मनात तुमची आई आली. तुम्हाला आठवतं, तुम्ही तक्रार करता की आई भर दुपारी पडदे ओढून घेते? तुमच्याकडे सूर्य दिसावा म्हणून माणसं आसुसतात आणि तुमच्या घरात दुपारी बारानंतर अंधार. ते मी शिकवलेलं. पुण्याच्या एप्रिलमध्ये पडदे ओढले नाहीत तर घराची भट्टी होते. मी तिला कधी सांगितलं नाही की हे एप्रिलपुरतं आहे, पुण्यापुरतं आहे. मला तरी कुठे ते वेगळं दिसत होतं? शिस्त म्हणून एकच गठ्ठा दिला, तिनं तो तसाच उचलून समुद्रापार नेला. त्यात कुठली गोष्ट कुठेही चालेल आणि कुठली फक्त आमच्या घरापुरती, याची निवड कुणी केलीच नाही.

केंद्रात मॅनेजरबाई उंच, केस आखूड कापलेल्या, हातात कॉफीचा मग. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि लगेच मुद्द्यावर आल्या. मामीनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, ओळ, दोन प्रती, कोपऱ्यातलं घड्याळ.

"तुझा कॉम्प्युटर भारताच्या वेळेवर का होता?"

"माझी आई तिथे आहे."

बाईंनी मग खाली ठेवला. "ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण ते आमच्या प्रोग्रॅममध्ये का होतं?"

  इतका नेमका प्रश्न मला ऑफिसात कधी कुणी विचारला नव्हता.

शेवटी बाईंनी ठरवलं ते असं. निरोप आता फक्त कर्मचाऱ्यांच्या फोनवर जातील, म्हाताऱ्यांना पुन्हा ती बाई फोन करेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली सगळी घड्याळं तासभर मागे जातात. त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या वेळा बरोबर निघाल्या तर पुढचं बोलू. नाही निघाल्या तर तिथेच संपलं. "आणि तरीही," त्या म्हणाल्या, "निरोप हवा की नको हे त्या लोकांनी ठरवायचं. मी कुणाला भरीस घालणार नाही."

बाहेरच्या खोलीत एक बाई आमची वाटच पाहत होत्या. मूळच्या सुरिनामच्या, पणजोबा बिहारकडून तिकडे गेलेले. त्यांची हिंदी अर्धी त्यांच्या घरची, अर्धी सिनेमांची. साडेसहाच्या निरोपावर त्या कोट घालून दारात बसलेल्यांपैकी होत्या.

"तू ही है वो?" त्यांनी मामीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सुबह सुबह दुल्हन जैसा तैयार होके बैठी थी मैं. पड़ोसी पूछता है, मौसी, किधर? मैं बोली, पता नहीं, फोन बोला है."

"माफ कीजिए मौसी."

"मैंने यहाँ पूछा तो सब बोले, सिस्टम में था. मेरी बेटी के दफ्तर में भी सब सिस्टम में होता है. ये सिस्टम है कौन? बुलाओ उसको, दो बात सुनाती हूँ."

मामी म्हणाली, "सिस्टम मैं ही हूँ, मौसी."

 मग त्यांनी खरोखरच दोन गोष्टी सुनावल्या. गुडघ्यांबद्दल, न्याहारीआधीच्या गोळीबद्दल, थंड दरवाजाबद्दल. मामीनं उभ्यानं सगळं ऐकून घेतलं.  निरोपाचं विचारलं तर म्हणाल्या, "नहीं चाहिए. मेरे को आदमी का फोन अच्छा."

संध्याकाळी मामीनं ती ओळ काढली. मग तिनं लॅपटॉपचं घड्याळ अ‍ॅमस्टरडॅमवर लावलं. मी बघत होते, कोपऱ्यातला आकडा एका झटक्यात मागे आला. मला वाटलं, बरं झालं, हेच आधी करायला हवं होतं. मामा घरी आला आणि त्यानं ते पाहिलं.

"परत लाव," तो म्हणाला.

"का?"

"तुझा लॅपटॉप पुण्यात असला तरी गाडी दहालाच दिसली पाहिजे. केंद्र कुठल्या वेळेवर चालतं हे प्रोग्रॅमला बाहेरून सांग, प्रत्येक मशीनच्या सेटिंगमध्ये. कोडमध्ये घर कुठलं हा विषयच नको. मग तू घड्याळ टिंबक्टूचं ठेव. उलट बरंच आहे, चुकलं तर इथेच दिसेल."

 तिनं घड्याळ पुन्हा पुण्यावर नेलं. माझ्या शिस्तीला ते पटायला दोन-तीन दिवस लागले. मी ज्याला गबाळेपणा समजत होते तो कोपरा राहिला. काढायचं होतं ते दुसरीकडेच होतं.

पुढचे आठवडे ती शोधून शोधून कोडमधल्या घरगुती गोष्टी बाहेर काढत होती. निरोप कुणाच्या फोनवर जायचे, कुठल्या भाषेत, कुठल्या वेळेनं, हे सगळं कोडच्या बाहेर, प्रत्येक मशीनजवळ त्याचं त्याचं. एका ठिकाणी भारताचा टेलिफोन कोड निघाला, चाचणीसाठी माझा नंबर घातलेला. ती हसली आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "हा तिकडे गेला असता तर?" मी भाज्यांसह पुन्हा कामाला बसले, पण आता नुसतं लॅपटॉपवर नाही. दुपारी केंद्रात जाऊन तिथल्या कर्मचाऱ्यांच्या फोनवर आलेले निरोपही वाचायचे. त्या सुरिनामच्या मावशी टेबलापलीकडून बघायच्या. "आई हुई है इंस्पेक्टर," असं म्हणायच्या. एकदा त्यांनी मला त्यांच्या डब्यातला वडा दिला, आपल्याच डाळीच्या वड्याचा भाऊ, पण मध्ये भोक.

तो रविवार आला. पहाटे घड्याळं मागे गेली. डीमन आणि पुणे यांच्यातलं अंतर आता साडेचार तासांचं झालं. ती जुनी ओळ असती तर आज आणखी वेगळा घोळ झाला असता. मामी सकाळपासून काही खाईना. मामानं विहीणबाईंना फोन लावून दिला, पण तिला बोलणं सुचेना, म्हणून मीच बोलले. दुपारी निरोप निघाले. पहिला केंद्रातल्या एका कर्मचारी बाईंच्या फोनवर, त्यांनी त्याचा फोटो पाठवला: सोमवार, दहा वाजता. पुढचा अकरा. पुढचा साडेअकरा. छापील तक्ता माझ्या हातात होता. मी बोट ठेवून प्रत्येक वेळ दोनदा वाचली आणि म्हटलं, "बरोबर." मामीनं टेबलावर डोकं टेकलं. मामानं तिच्यासाठी जेवणाचं ताट वाढलं.

सोमवारी मॅनेजरबाईंनी एक शब्द पाठवला, "प्रिमा." म्हणजे उत्तम. त्याच्याखाली पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच्या कामाचं विचारलं होतं.

पण म्हाताऱ्यांचं ठरायचं होतं. बाईंनी प्रत्येकाला विचारलं. बरेच जण हो म्हणाले, काही नाही म्हणाले, ते अजूनही नाहीच म्हणतात. मावशींनी आधी नकार दिला. मग पुढच्या आठवड्यात हो म्हणाल्या, पण एका अटीवर. ज्या मुलीनं केलंय तिचा नंबर मला द्या.

पहिला निरोप गेल्यावर थोड्याच वेळात मामीचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"दस बजे लिखा है."

"हाँ मौसी, दस."

"दस मतलब कौन सा दस? तेरा दस या मेरा दस?"

"आपका दस, मौसी. यहाँ का."

"पक्का?"

"पक्का."

"देख, मैं कोट पौने दस को पहनूँगी. उसके पहले नहीं."

मी त्यानंतर काही दिवसांनी पुण्याला परत आले. काम चालू आहे, आता दुसऱ्या एका केंद्रातूनही विचारणा झाली आहे. मावशी अजूनही निरोप आला की फोन करतात आणि तोच प्रश्न विचारतात. मी मामीला म्हटलं, एवढा प्रोग्रॅम केलास आणि शेवटी फोनवर सांगावंच लागतं. ती म्हणाली, "आई, त्या विचारतात तोपर्यंत बरं आहे, चुकलं तर मला लगेच कळेल." तो फोन ती कधी चुकवत नाही, पोळी तव्यावर असली तरी.